बरोबरीत सुटलेली कुस्ती

आमच्याकडे कुस्तीत एकच गोष्ट बघतात, ती म्हणजे पाठ. ज्याची पाठ मातीला लागली तो पडला आणि ज्यानं लावली तो जिंकला. दोघांचीही लागली नाही आणि दोघेही दमून गेले, तर पंच मध्ये पडून कुस्ती सोडवतात. मग ती बरोबरीत सुटली. दोघांनी एकमेकांना कवेत घ्यायचं, वस्तादाच्या पाया पडायचं आणि आखाड्यातून सरळ चालू लागायचं. बरोबरीत सुटल्यावर तिथं रेंगाळणं हलकेपणाचं समजतात. बक्षिसासाठी घुटमळतोय असं दिसतं.

हे सगळं लग्न होईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. माझं माहेर सांगलीचं, वडील हळदीच्या पेठेत तोलाईला. आमच्या घरात कुस्तीचा गंधही नव्हता. लग्न झालं आणि मी कऱ्हाडजवळ, मलकापूरच्या पलीकडच्या एका गावात, पैलवानाच्या घरात येऊन पडले. पडले असंच म्हणायचं, कारण नवरा घरात नव्हताच. तो तालमीत. झोपायला तालमीत, उठायला तालमीत. घरी यायचा तो दुधाचा तांब्या रिकामा करायला. सासूबाई म्हणायच्या, "नशीब काढलंस पोरी, पैलवान नवरा मिळाला." मी मनात म्हणायची, मिळाला कुठं? मिळाला तो वस्तादांना.

वस्ताद म्हणजे तालमीचे गुरू. सत्तरीकडे झुकलेले, दोन्ही कान मोडलेले, आवाज मात्र ओढ्यापलीकडे जाईल असा खणखणीत. बायको तरुणपणीच गेलेली, मूलबाळ नाही. माझ्या नवऱ्याचे, ह्यांचे, वडील लवकर वारले तेव्हापासून ह्यांना वस्तादांनीच वाढवलं होतं. लंगोट बांधायला त्यांनी शिकवलं, माती उकरायला त्यांनी शिकवलं, आणि लग्नाला मुलगी बघायलाही तेच आले होते. मला बघून म्हणाले, "जीभ चालती जरा, पर हाडापेरानं बरी हाय." म्हणून मी त्या घरात आले. त्यांचा राग करावा की उपकार मानावेत हे मला कळत नसे, आणि मी दोन्ही करायची.

देश स्वतंत्र झाला आणि त्याच पावसाळ्यानंतर गावात लंडनचं बोलणं सुरू झालं. पुढच्या वर्षी तिथं सगळ्या देशांचे खेळ होणार होते. धावणं, उड्या, कुस्ती, आणखी काय काय. आपल्या देशाचे गडी या वेळी पहिल्यांदाच आपल्या झेंड्याखाली जाणार होते. कुस्तीची निवड उत्तरेकडच्या एका मोठ्या शहरात होती. वस्तादांनी ही बातमी कोल्हापूरहून आणली आणि तालमीच्या दारात उभं राहून सांगितलं, "आपला गडी जाणार."

पण तिकडची कुस्ती मातीत नव्हती, गादीवर होती. गादी कसली, ती कुणीच बघितलेली नव्हती. शेवटी ते काम बायकांच्या गळ्यात आलं. मी, माझ्या दोन जावा आणि शेजारणी अशा आम्ही सगळ्या दाभण घेऊन बसलो. गोणपाट जोडलं, आत भाताचा पेंढा भरला, वरून जुन्या लुगड्यांचा थर घातला. एवढी थोरली वाकळ त्या गावात कधी शिवली गेली नसेल. पहिल्याच दिवशी हे तिच्यावर पाय घसरून आपटले आणि एक शिवण उसवून पेंढा बाहेर आला. वस्ताद म्हणाले, "सूनबाई, टाका जरा बारीक घाला." मी म्हटलं, "आवं वस्ताद, तुमी पैलवान जरा बारीक घाला." तालमीतली पोरं तोंडावर टॉवेल धरून हसली. वस्तादही हसले.

पुढचे महिने हे आणि वस्ताद त्या वाकळेवरच असायचे. रोज काहीतरी फाटायचं आणि रोज मी शिवायची. हळूहळू मलाही वाटू लागलं की हे व्हावं. माझा नवरा लंडनला जावा. जे दिवस मी एकटीनं काढले होते ते कशाच्या तरी कामी यावेत, असं मला मनापासून वाटत होतं. ह्यांच्याजवळ मी ते बोलले नाही, पण त्यांना ते कळत असावं.

निवडीला दोघंच गेले, हे आणि वस्ताद. कऱ्हाडच्या स्टेशनवर अर्धं गाव पोचवायला आलं होतं. परत आले तेव्हा ह्यांच्या खांद्याला लचक होती आणि चेहरा समाधानाचा होता. कुस्ती लष्करातल्या एका नामांकित मल्लाशी लागली होती. तो आमच्याच मुलखातला, मेढ्याकडचा. ह्यांनी त्याला दोनदा खाली घेतलं, पण पाठ काही लागली नाही. शिट्टी झाली, कुस्ती सोडवली. दोघं गळ्यात पडले, हे वस्तादांच्या पाया पडले आणि वस्ताद म्हणाले, "चल लेका, गाडी गाठू."

लष्कराच्या मल्लाशी बरोबरी म्हणजे गावाला जिंकल्यासारखंच होतं. हलगी लावून ह्यांची मिरवणूक काढली. मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. मी विचारलं, "मग लंडनचं काय?"

"बरोबरीत सुटली म्हंजे दोघंबी न्हाईत," वस्ताद म्हणाले. "त्यांनी दुसरा कुनीतरी धरला आसंल. आपल्या नशिबात नव्हतं."

मला वाईट वाटलं, पण ह्यांना फार वाटलेलं दिसलं नाही. झुंजले, पडले नाहीत, घरी आले. ह्यांच्या हिशेबी ते पुरेसं होतं. दुसऱ्या दिवशी उसाला पाणी पाजायला गेले.

महिन्याभरानं तो मेढ्याचा मल्ल आमच्या दारात उभा राहिला. सुट्टीवर घरी निघाला होता. वाट वाकडी करून, विचारत विचारत आला होता. हे त्याला बघून इतके हरखले की त्याची पेटी स्वतः उचलून आत आणली. मी चुलीपुढे बसून भाकरी थापत होते. वस्ताद त्या दिवशी कुठल्याशा गावी जत्रेच्या कुस्त्या लावायला गेले होते, हे नंतर मला देवानं केल्यासारखं वाटलं.

पहिला घास घेण्याआधीच त्यानं विचारलं, "गड्या, तू गेलास कुठं त्या दिवशी?"

"कुठं म्हंजे? गावाकडं आलो."

"आरं, तुला भोंग्यातनं पुकारत हुते. मीच तुला तंबूत हुडकत फिरलो." त्यानं हातातली भाकरी खाली ठेवली. "तू जिंकला हुतास."

हे हसले. "पाठ कुठं लागली हुती?"

"तिथं नुसती पाठच बघत न्हाईत रं. पाठ न्हाई लागली तर कोण वरचढ झाला ते पंच लिवून ठिवत्यात. तू मला दोनदा खाली घेतलंस, मी तुला एकदाबी न्हाई. तिघंबी पंच तुझ्या बाजूला. पुढल्या कुस्तीला तुझं नाव पुकारलं. तू न्हाईस म्हनून मला उतरवलं. मी पडलो. पर तू आसतास तर पडला नसतास. म्या तुझं अंग बघितलंय."

तव्यावरची भाकरी करपली ते मला वास आल्यावर कळलं. तो बिचारा आपलीच चूक असल्यासारखा सांगत होता, की निकाल दोन-तीन कुस्त्यांनंतर पुकारत होते, इंग्रजीत पुकारत होते, त्याला स्वतःला पलटणीतल्या साहेबामुळे ठाऊक होतं. शेवटी ह्यांनी एवढंच विचारलं, "हे तू कुनाला सांगितलंस?"

"न्हाई. आधी तुलाच."

"मग कुनाला सांगू नगंस. वस्तादांच्या कानावर जाता कामा न्हाई. चल म्हननारे तेच हुते. त्यांना कळलं तर म्हातारा जगायचा न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुलाबी सांगतो."

मला सांगायची वेळ का आली हे उघड होतं. माझ्या पोटात काही राहत नाही हे गावाला माहीत होतं.

पाहुणा गेला आणि मी ह्यांच्याशी भांडले. असं भांडण लग्नानंतर पहिल्यांदाच झालं. मी म्हटलं, त्या म्हाताऱ्यानं तुमचं लंडन घालवलं आणि तुम्ही त्याचीच काळजी करता. एक घटका थांबला असता तर काय बिघडलं असतं? रेंगाळलं तर हलकं दिसतं म्हणे! तिथं कोण बघत होतं तुमचा मोठेपणा? शेवटी हे म्हणाले, "थांबावं आसं मलाबी वाटलं न्हाई. मी त्यांच्याच हातचा हाय." त्यावर मी जास्तच चिडले.

पुढे कितीतरी दिवस मी वस्तादांशी धड बोलले नाही. तालमीत भाकरी पाठवायची ती दुसऱ्याच्या हाती. समोर आले की पदर ओढून आत जायची. त्यांना वाटलं, मला दिवस गेले असतील, म्हणून चिडचिड होत असेल. त्यांनी सासूबाईंकडे माझ्यासाठी आवळे पाठवले. आवळे बघून मला आणखी राग आला आणि सगळे मी एकटीनं खाल्ले.

एकदा मात्र मी ठरवूनच तालमीत गेले. दुपारची वेळ होती, आत कुणी नव्हतं. म्हटलं, आज सांगून टाकायचं. माझ्या नवऱ्यानं आयुष्यभर मनात का ठेवावं? ज्यानं केलं त्यानं भोगावं. वस्ताद खाली बसून आमची ती थोरली वाकळ शिवत होते. सुईत दोरा ओवता येत नव्हता. मी काही बोलायच्या आधीच म्हणाले, "बरं झालं आलीस. एवढा दोरा घाल. चार वर्सांनी परत आसत्यात म्हनं ते खेळ. तवर मी आसन नसन, पर पोरास्नी गादीची सवय पायजे. तुझा नवरा थोडक्यात राहिला गं. मला राती झोप लागत न्हाई. वाटतं, माझ्याच शिकवन्यात काय उनं राहिलं."

मी दोरा ओवला आणि घरी आले. रस्त्यात मला रडू आलं. कुणासाठी आलं ते मी स्वतःला विचारलं नाही.

ऑगस्टात बातमी आली. कऱ्हाडात एका दुकानात रेडिओ होता. तिथून गावातला एकजण सायकल मारत आला आणि चावडीपासून ओरडत सुटला की लंडनात आपण इंग्रजाला हरवलं. हॉकीत. चार शून्य. सोन्याचं पदक. आपला झेंडा वर चढवला आणि आपलं गाणं वाजवलं.

हॉकी म्हणजे काय, हे बायकांना आणि म्हाताऱ्यांना माहीत नव्हतं. पण आमच्या गावात दर दुसऱ्या घरात शिपाई. पेन्शनीत आलेले चार-पाच जण पारावर जमले आणि काठ्यांनी हॉकी समजावून सांगू लागले. एकाचा टोला दुसऱ्याच्या नडगीवर बसला. कुणीतरी विचारलं, "पर पाठ कुनाची लागली?" आणि सगळा पार हसला. इराक, इटली बघून आलेला एक सुभेदार म्हणाला, "जिंकत आमी आधीबी हुतो. पर तवा झेंडा त्येंचा चढायचा." स्वातंत्र्याला वर्ष पुरं व्हायला आलं होतं. ज्यांनी दीडशे वर्षं राज्य केलं त्यांना त्यांच्याच घरी जाऊन हरवलं, हे ज्याला त्याला आपल्याच घरातलं कार्य वाटत होतं. मलाही वाटत होतं. पायात वहाण न घालता मी बाहेर आले होते.

हलगी आली, गुलाल आला. सगळे तालमीपुढे जमले, कारण आमच्या गावात आनंद करायची जागा तीच. ह्यांना लोकांनी पुढे ओढलं. वस्ताद ओट्यावर उभे राहिले. त्यांनी ह्यांच्या कपाळाला गुलाल लावला आणि तो खणखणीत आवाज काढला.

"आज माझा गडीबी तिथं आसता! लंडनात! पर बरोबरीत सुटली. एवढाच घास कमी पडला." मग त्यांचा आवाज खाली आला. "मीच कुठंतरी कमी पडलो आसन."

लोक "न्हाई, न्हाई" म्हणाले. वस्तादांनी गर्दीत मला शोधलं. इतके दिवस मी त्यांच्याशी नीट बोलत नव्हते, ते त्यांच्या मनाला लागलं असावं. "सूनबाई, तू सांग," ते म्हणाले. "तू कवा तोंडदेखलं बोलत न्हाईस. माझं काय चुकलं का?"

हलगी थांबली. सगळे माझ्याकडे बघू लागले. देश जिंकला होता, आणि त्या गर्दीत जिंकलेला माझा माणूस गुलालानं माखून, मान खाली घालून उभा होता. ओरडून सांगावं, हे जिंकले होते, हे जिंकले होते, असं वाटत होतं. शब्द ओठापर्यंत आले होते.

"तुमचं काय चुकलं न्हाई, वस्ताद," मी म्हटलं. "तुमी शिकवलं म्हनून बरोबरीत सुटली. न्हाईतर त्या लष्करवाल्यानं पाठ लावली आसती."

म्हातारा इतका खूश झाला, की स्वतःच हलगीवाल्याला ओरडला, "वाजव रं!"

ह्यांनी तेव्हा मान वर केली आणि सगळ्या गावादेखत, पहिल्यांदाच, माझ्याकडे बघितलं.