विषाचा खल कोणता

माझ्याकडे दोन लाकडी खल आहेत. दोन्ही शिसवाचे, एकाच ओंडक्यातून एकाच कातार्‍यानं कातलेले. उंची तीच, तोंड तेवढंच, बत्तेही सारखे. एकात मी सुंठ, पिंपळी, हिरडा असलं साधं औषध कुटायचो आणि दुसऱ्यात बचनाग. बचनाग म्हणजे विष. वैद्य तो शुद्ध करून तापाच्या गोळ्यांत रतीभर घालतात, पण जास्त पोटात गेला तर माणूस राहत नाही. या दोन खलांतला बचनागाचा कोणता, हे आज मला सांगता येत नाही. एवढं लिहायला मला चार दिवस लागले. अक्षर वाईट आहे हे एक कारण. दुसरं पुढं येईल.

मी चौथी पास. जुन्या नाशकात एका वैद्यांची औषधशाळा होती, तिथं चाळीस वर्षं मागच्या खोलीत बसलो. पुढं गादीवर वैद्य नाडी बघायचे आणि मागं मी, एक चाळणीवाली बाई आणि लाकडी सामान. गोळ्या वळायचा खाचांचा पाट, सागवानी मापं, उंबराच्या पळ्या, आणि हे खल. भस्मं दगडी खलात घोटायची, सुकी मुळं लाकडी खलात कुटायची. लाकडी खलाला पाणी लावायचं नाही, तडा जातो. भाताचा कोंडा टाकून घासायचा, फडक्यानं पुसायचा, महिन्यातून एकदा तिळाचं तेल पाजायचं. लाकूड पितं. तेल पितं तसं औषधही पितं, म्हणून विषाचा खल वेगळा.

खल नवे आले तेव्हा वैद्य म्हणाले, "यातल्या एकाच्या काठावर करवतीनं खाच पाड. खूण राहील."

मी म्हणालो, "मला खूण लागत नाही. हाताला कळतं."

खोटं नव्हतं ते. बचनागाच्या खलात बोट फिरवलं की थोड्या वेळानं बोटाच्या टोकाला मुंग्या यायच्या. आणि इतक्या सुंदर कामाला खाच पाडायची म्हणजे मला लाज वाटली असती. वैद्य दोन-तीनदा बोलले, मी ऐकलं नाही. शेवटी रीत अशी ठरली की साधा खल फळीवर उताणा राहील आणि विषाचा उपडा. उपडा दिसला की हात लावायचा नाही. चाळणीवाल्या बाईला मी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती नाशकात दिलेली, नवरा गेलेला, वय माझ्याएवढंच. आम्ही सगळे तिला बाई म्हणायचो, ती मला भाऊ.

एके दिवशी मी हिरडा आणायला हरसूलच्या बाजाराला जायचा होतो. जायच्या आधी दोन्ही खलांना तेल लावलं आणि जास्तीचं तेल निथळावं म्हणून दोन्ही उपडे ठेवले. जीप सुटेल म्हणून घाईनं निघालो. दुपारी पुढून निरोप आला की एका पेशंटला खोकल्याचं चूर्ण लगेच हवंय. बाई मागं एकटी. तिनं फळीवर बघितलं तर दोन्ही खल उपडे. तिनं एक उचलला.

चूर्ण नीट बारीक झालं की नाही हे आमच्यात जिभेवर बघतात. चिमूट ठेवायची, खरखर लागली तर पुन्हा कुटायचं. बाई कामाला चोख होती. तिनं तीनदा बघितलं.

पुडी पेशंटपर्यंत गेली नाही, कारण त्याआधीच बाईचे ओठ बधिर झाले आणि ती भिंतीला धरून खाली बसली. दोन दिवस सरकारी दवाखान्यात होती. वाचली. संध्याकाळी मी हिरड्याचं पोतं घेऊन आलो तेव्हा वैद्यांनी मला विचारलं, "खल कसे ठेवले होतेस?"

मी म्हणालो, "नेहमीसारखे. एक उताणा, एक उपडा."

एवढंच बोललो. त्यांना ते पटलं, कारण मी तोवर कधी चुकलो नव्हतो. बाई दवाखान्यातून आली आणि म्हणाली की दोन्ही उपडे होते, तर वैद्य म्हणाले की विषाच्या गुंगीत माणसाला नीट आठवत नसतं. तिला कामावरून काढलं. नाशकात दुसऱ्या कुठल्या औषधवाल्यानंही तिला उभं केलं नाही. औषधात विष कालवणारी बाई म्हणून तिचं नाव झालं. ती सिन्नरला भावाकडं गेली. जाताना मागच्या खोलीच्या दारात उभी राहून मला म्हणाली, "तुमच्या हाताला कळतं ना भाऊ? मंग हात हितं ठेवून जायचा व्हता."

मी बत्ता थांबवला नाही.

पुढं औषधशाळा बंद झाली. वैद्यांच्या मुलांनी हे लाकडी सामान मला दिलं. ते मी पोत्यात भरून मुलाच्या नाशिक रोडच्या फ्लॅटमध्ये माळ्यावर ठेवलं. माझ्या मुलाला मी बाईची गोष्ट लहानपणापासून सांगत आलो, आणि माझ्याच बाजूनं सांगत आलो. बघ, न बघता हात घातला की काय होतं.

गेल्या महिन्यात घराला रंग द्यायचा होता म्हणून माळा रिकामा केला. मुलाच्या ओळखीचा एक जण आला, त्र्यंबक रस्त्याला त्याचं रिसॉर्ट आहे. खल बघून तो खूश झाला.

"आजोबा, यात आम्ही टेबलावर चटणी देऊ. लोक फोटो काढतात."

मी म्हणालो, "पाट घ्या, मापं घ्या. यातला एक खल विषाचा आहे."

"कुठला?"

मी दोन्ही पुढ्यात घेतले. आत बोट फिरवलं. काही कळलं नाही. दहा वर्षं झाली, साखरेनं माझी बोटं बधिर आहेत. चहाचा कप गरम आहे का गार, तेही ओठाला लावल्यावर कळतं. वास घेतला, तेलाचा वास. रंग बघितला, दोन्ही काळे. काटा करून बघितला, थोडा फरक निघाला, पण कुठला जड असायचा हे मी कधी बघितलंच नव्हतं. मला खूण लागत नव्हती ना.

तो माणूस हसला. "इतक्या वर्षांनी काय राहतंय हो त्यात? लॅकर मारू वरून."

मुलगाही म्हणाला, "दादा, मारतायत ना ते लॅकर."

मी म्हणालो, "परवा सांगतो." मुलासमोर मला कळत नाही असं म्हणायला तोंड उघडेना. दोन्ही ठेवून घ्यावेत असंही वाटलं, पण मी मेल्यावर सून त्यात वेलदोडे कुटणारच. तिनं एकदा विचारलंही होतं.

मग वाटलं, बाईला माहीत असेल. ज्यानं जीभ लावली तो विसरत नसतो. दुसऱ्या दिवशी दोन्ही खल सिमेंटच्या गोणीत घातले आणि सिन्नरच्या जीपमध्ये बसलो. शेजारचा म्हणाला, "बाबा, दगडं भरलीत का काय?" मी गोणी पायांत ओढून घेतली.

सिन्नरला विडी वळणाऱ्या बायकांच्या गल्लीत विचारत गेलो. ती दारातच बसली होती, मांडीवर रिकामं सूप. विड्या वळून वळून बोटं वाकडी झालेली. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही.

"अजून हायेत का तुम्ही?"

"आहे."

"हातात काय हाय?"

मी गोणी मोकळी केली. ती खलांकडं बघत राहिली. तिच्या सुनेनं पाणी आणून दिलं, ते मी प्यालो. मग म्हणालो, "बाई, यातला बचनागाचा कुठला? मला आता कळत नाही."

तिनं मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं.

"मला इचारायला आले? भाऊ, मला कळत असतं तर मी जीभ लावली असती का?"

जीपमध्ये तासभर बसून एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. मी गोणी ओढायला लागलो, तशी ती म्हणाली, "थांबा. हिला सांगा." हिला म्हणजे सुनेला. "पन्नास वर्सं मी सांगती, दोन्ही उपडे व्हते. माझा नवरा मेल्याला, माझा भाऊ म्हणायचा तुझंच चुकलं असंल. पोरगा बी तसंच समजतो. सांगा."

सून चौकटीला टेकून उभी होती. मी तिच्याकडं बघून म्हणालो, "दोन्ही उपडे होते. मीच ठेवले होते. वैद्यांना मी खोटं सांगितलं."

सून म्हणाली, "बरं." तिला या गोष्टीचं काय करायचं ते कळत नव्हतं. बाई मात्र मान हलवत राहिली, बराच वेळ.

मग सुनेला म्हणाली, "आतून पोराची करवत आण गं."

करवत आली. बाईनं ती माझ्या पुढ्यात टाकली. "वैद्य म्हणले व्हते ना, खाच पाड. पाडा."

"कुठल्याला?"

"दोन्हीला."

मी उंबऱ्याशी बसलो, पहिला खल पायांत धरला आणि काठावर करवत लावली. शिसव कठीण. वयही झालं. आत ताजं लाकूड तपकिरी निघालं, आणि तेल किती आत गेलं होतं ते दिसलं. बोटभर. विषही तेवढंच गेलं असणार, यात नसेल तर त्यात. पहिली खाच झाली, दुसरा घेतला. बाई सगळा वेळ बघत होती.

दुसरी खाच अर्धी झाली तेव्हा ती म्हणाली, "भाऊ, रगत येतंय."

बघितलं तर डाव्या अंगठ्याला करवत लागली होती आणि खलाचा काठ भिजला होता. मला लागल्याचं कळलंच नव्हतं. सून फडकं आणायला आत वळली.

बाई म्हणाली, "आधी पुरी करा."

मी पुरी केली.

खल तिनं ठेवून घेतले नाहीत. संध्याकाळी घरी आलो. मुलानं अंगठ्याची पट्टी बघून विचारलं, तेव्हा त्यालाही सगळं सांगितलं, माझ्या बाजूनं नाही. तो म्हणाला, "मग इतकी वर्षं आम्हाला काय सांगत होतात दादा?" आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. नंतर त्यानंच रिसॉर्टवाल्याला फोन केला की खल मिळणार नाहीत.

खल माझ्या पलंगाखाली आहेत, दोन्ही उपडे. घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय, मी गेलो की कुणी वापरायचे नाहीत, कुणाला द्यायचे नाहीत. सून विचारत होती, मग जाळायचे का. मी म्हणालो, धुराचंही मला सांगता येत नाही.