शाळेतून परत नेलेला कूलर

हसायचं तर हसा, पण हा गाढवपणा माझा एकट्याचा आहे. मी तेव्हा समुद्रपूरले बँकेत शाखा मॅनेजर होतो.

मार्च लागला अन् वरून दोन हुकूम आले. एक, समाजसेवा करा, फोटो पाठवा. दुसरा, यंदा नफा कमी दिसून राह्यला, मोठे खर्च एप्रिलवर ढकला. आता दोन्ही कसं जमवायचं? पण मले वाटलं, आपल्याइतका हुशार माणूस जिल्ह्यात नाई.

जामजवळच्या एका शाळेले थंड पाण्याचा कूलर द्यायचं ठरवलं. दुकानदाराले म्हटलं, बिल एप्रिलमध्ये दे. तो म्हणाला, मग कूलरही एप्रिलमध्येच. म्हणून एका दिवसापुरता मागून आणला. फीत कापली, पोरं गिलास घेऊन लाइनीत लागले, फोटो निघाला. संध्याकाळी कूलर परत टेम्पोत. मुख्याध्यापिका कुंदाबाई फाटकापर्यंत आल्या. मी सांगितलं, पंधरा दिवसांत पक्का येते.

एप्रिलमध्ये कूलरचे पैसे मागितले, तर वरून उत्तर आलं: कूलर तर मागच्याच वर्षी दिला, अहवालात फोटोही छापला, आता पुन्हा पैसे कायचे? झालं! मी ते पत्र फाईलले लावलं अन् शाळेचा रस्ताच सोडला. जामले जायचं तर लांबून जाऊ लागलो.

वर्षभरानं कुंदाबाईच बँकेत आल्या. वस्तू मिळाली म्हणून त्यांनी त्याच दिवशी शाळेच्या रजिस्टरात नोंद केलती. तपासणीत कूलर सापडला नाई. बाईनं घरी नेला, असं गाव बोलून राह्यलं होतं. पेन्शनचे कागद अडकले होते.

त्या रागावल्या नाईत. तेच जास्त लागलं.

"साहेब, खरं काय झालं तेवढं लिहून द्या."

मी म्हटलं, माझ्या पगारातून नवा कूलर आणून देतो. त्यांनी मान हलवली. पहिलाच नोंदीवर आहे, त्याचा निकाल लागल्याशिवाय दुसरा घेता येत नाई.

मग कागद ओढला, लिहिलं, सही केली, शिक्काही मारला. मनावरचं ओझं उतरलं असंच वाटलं. कुंदाबाईंनी चष्मा लावून वाचलं अन् कागद हळूच माझ्यापुढे सरकवला.

बावीस वर्षांच्या नोकरीची सवय. हातानं आपोआप लिहिलं होतं, 'सदर कूलर पुढील आर्थिक वर्षात वर्ग करण्यात आला आहे.'

"साहेब," त्या म्हणाल्या, "मी यंदाच रिटायर होऊन राह्यली."