हळद लागलेली शिसव

शिसवीचा ओंडका आधी कापून बघावा, मग पुजावा, एवढी साधी अक्कल आमच्या गावाला नव्हती. लक्ष्मीच्या यात्रेच्या रथाचा, दोन्ही चाकं जोडणारा आस तडकला होता. नव्या आसासाठी गोऱ्या जंगलसाहेबाचा परवाना काढून खानापूरच्या रानातून शिसव आणली, आणि गाडीतून उतरते न उतरते तोच बायका तिला हळदकुंकू लावून, ओटी भरून मोकळ्या झाल्या. एकदा हळद लागली की लाकूड देवीचं. मग त्याला नाही म्हणायचं नसतं.

गावची सुतारकी आम्हा दोघा भावांची. रथ उतारावर आला की धावत्या चाकाखाली पाचर टाकायची, हा मानही आमच्याच घराचा, म्हणजे थोरल्या अण्णाचा. आस मोडला तर आधी अण्णाच चिरडणार, हे मला दिसत होतं. बाकीच्यांना फक्त रथ दिसत होता.

मी तासायच्या वाकसानं ओंडका ठोकून बघितला. टोकांना खणखणीत, मध्यावर बद्द. अण्णाकडे बघितलं तर त्यानं तोंड फिरवलं.

ओंडका कापायच्या उंच लाकडी घोडीवर चढवला. मी वर, अण्णा खाली, मध्ये करवत आणि भोवती सगळा गाव. जांभळट भुसा अण्णाच्या डोक्यावर पडत होता, गोडसर वास सुटला होता. रंग, वास, सगळं अस्सल. अशी शिसव क्वचित हाताला लागते, म्हणून तर जीव जास्तच जळत होता. मध्याजवळ आलो आणि करवत एकदम हलकी झाली. कुजकट वास आला. भुसा खाली पडत होता, म्हणजे अण्णाला माझ्याआधीच कळलं होतं.

"अण्णा, आत पोकळ हाय."

"गप ओढ रं तू."

"चाकाखाली तू असणार हैस!"

"हळद लागल्या त्याला. घराचा मान घालवतोस काय?"

पाटील पुढं आले. "थांबलासा का रं? देवीचं लाकूड हाय, देवी बघून घील."

देवी बघून घेणार आणि मरणार माझा भाऊ! माझं डोकंच फिरलं. करवत सोडली, खाली उडी टाकली, कुऱ्हाड उचलली आणि ओंडक्यात घातली. बायका किंचाळल्या. अण्णानं मनगट धरलं, मी हिसडा देऊन पुन्हा घाव घातला. मोठा ढलपा उडाला. आत कोपरापर्यंत हात जाईल एवढी पोकळी होती. पण कुणी वाकून बघितलंसुद्धा नाही. गाय मारल्यासारखे सगळे माझ्याकडेच बघत होते.

गावानं पाचरीचा मान काढून शेजारगावच्या सुतारांना दिला. अण्णानं चूल वेगळी केली. पुढं माझं दार आलं की तो रस्त्याच्या पलीकडून जायचा, मान वळवून. मी ओट्यावर बसून बघत राहायचो. वाईट वाटायचं, फार वाटायचं. पण जायचा तो आपल्या दोन्ही पायांनी.