नेव्हिलचे शिपाई, ग्लेनिसचे हात

टेबलावर खेळण्यातल्या शिपायांच्या लढाया खेळणाऱ्या आमच्या क्लबात ग्लेनिस टाउल आली ती तिचा भाऊ कॅनडाला गेला म्हणून. रोलंडनं जाताना शिशाच्या चिमुकल्या शिपायांनी भरलेला बुटांचा खोका तिच्या स्वयंपाकघरात ठेवला आणि "क्लबात देऊन टाक" म्हणाला. बुधवारी संध्याकाळी ती मेथडिस्ट चर्चच्या मागच्या हॉलात आली. टेबलांवर हिरवी कापडं, त्यांवर पुठ्ठ्याच्या टेकड्या, आणि घोडदळ ओढ्यापर्यंत पोचतं की नाही यावरून आम्ही मोठेमोठे बाप्ये फूटपट्टी घेऊन हमरीतुमरीवर आलेलो. तिनं खोका ठेवला आणि निघता निघता नेव्हिल क्रॅगच्या टेबलापाशी थांबली.

"हे सगळे एकदमच शिंकणार आहेत का?" तिनं विचारलं.

आम्ही पाहिलं तर खरंच. नेव्हिलची अख्खी पलटण मान मागे टाकून, उजवा हात वर करून उभी. एकाच साच्यातून ओतलेली, तेव्हा दुसरं काय असणार! पण ती असं बोलल्यावर आम्हाला तेवढंच दिसायला लागलं. त्या लढाईत नेव्हिलनं हल्ला केला की समोरचा डेस्मंड पिम खिशातून रुमाल काढायचा.

ग्लेनिसनं त्यातला एक शिपाई मागून घेतला. ती बलवेलला कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. दात बसवायची, कोरायची, घासायची सगळी बारीक हत्यारं तिच्याकडे होती, आणि हातही तसेच. पुढच्या बुधवारी तिनं शिपाई परत आणला तेव्हा त्याच्या गालाला फडकं गुंडाळलेलं होतं, एक हात दुखऱ्या दाढेवर होता आणि चेहरा असा कळवळलेला, की नेव्हिल बराच वेळ त्याला तळहातावर धरून उभा राहिला.

"बाई," तो म्हणाला, "ह्याला लढायला पाठवायचं माझ्या जिवावर येईल गं."

अशी त्यांची जोडी जमली. नेव्हिलचं गालिच्यांचं दुकान होतं. त्याचे हात म्हणजे फावडी. त्याला जमवायचा नाद होता. आम्ही शाळेत असताना निघायचे आणि आता कुणी ओतत नाही, असे शिपाई तो कुठून कुठून शोधून आणायचा आणि ग्लेनिसच्या हवाली करायचा. ती हात कापायची, मनगटात बारीक छिद्र पाडून पितळेच्या तारेचा तुकडा बसवायची आणि त्यावर दोन रंगांची पुट्टी मळून नवा हात घडवायची. कुणाला नवं डोकं, कुणाला पाठीवर कोंबडी, कुणी बुटातला खडा काढतोय, कुणी मागे वळून पाहतोय. चेहरे ती आमच्यातूनच उचलायची. ढोल वाजवणारा आमच्या कोपऱ्यावरचा खाटीक होता. डेस्मंडला तिनं खेचर हाकायला लावलं होतं आणि खेचरालाही त्याचंच नाक दिलं होतं.

कापलेला जुना हात किंवा डोकं मात्र ती कधी टाकून द्यायची नाही. काडेपेटीत घालून नेव्हिलला परत करायची. "मूळ माल तुझा," म्हणायची. नवे भागही असे बसवायची, की तारेपाशी जरा ऊब दिली की सुटून यावेत.

अशी वर्षं गेली. ग्लेनिसनं लग्न केलं नाही. तिच्या आणि नेव्हिलच्या नावानं सुरुवातीला थोडी कुजबुज झाली, पण नेव्हिलची बायको मार्जरीच रविवारी ग्लेनिसला जेवायला बोलवायची, तेव्हा कुजबुज आपोआप थांबली. आमच्या तोंडी ती फौज 'नेव्हिलची' होती. ग्लेनिसलाही त्यात काही वावगं वाटत नसे. तिला फौज नको होती. बुधवारी एक शिपाई द्यायचा आणि दुसरा घेऊन घरी जायचं, एवढंच तिला पुरे होतं.

पुढे तिच्या उजव्या अंगठ्याचा सांधा झिजला. लॅबमधून ती आधीच निवृत्त झाली होती. ऑपरेशन झालं, हात पट्ट्यात अडकला आणि त्या हिवाळ्यात ती क्लबात आली नाही. मीही तेव्हा नव्हतो, मुलीकडे वेल्सला गेलो होतो. परत आलो तर क्लबातलं नेव्हिलचं फौजेचं कपाट रिकामं.

"फौज कुठाय रे?" मी विचारलं.

"घरी नेलीय. जरा साफसफाई," नेव्हिल म्हणाला. डेस्मंड एकदम चहा ओतायला उठला. मला त्यात काही खटकलं नाही.

मार्चमध्ये मॅन्सफील्डच्या क्रीडागृहात जुन्या शिपायांचा मेळा भरतो. ग्लेनिसचा पट्टा निघाला होता, पण तिला गाडी चालवता येत नव्हती, म्हणून मी माझ्या व्हॅनमधून तिला घेऊन गेलो. ती खुशीत होती. दारातच आम्ही पुदिना घातलेले वाटाणे घेतले आणि खात खात दुकानं पाहत निघालो. कोपऱ्यातल्या एका दुकानात काचेच्या कपाटात रंग उतरवलेल्या शिपायांच्या रांगा होत्या. मान मागे, हात वर. सगळे एकदम शिंकणारे.

"बघ, आपले सापडले," ग्लेनिस हसून म्हणाली आणि तिनं एक उचलून घेतला.

मग तिचं हसू गेलं. ती शिपायाच्या मनगटावरून नखाचं टोक फिरवत होती. तिनं दुसरा घेतला, तिसरा घेतला. वाटाण्यांचा द्रोण माझ्या हातात दिला आणि चष्मा बदलला. मनगटाभोवती केसाएवढी रेघ होती. तिथं हात कापून पुन्हा जोडला होता, आणि आत तार होती. तिची तार.

दुकानदार चांगला माणूस होता. गिऱ्हाईक जाणकार दिसतंय म्हणून खुलला.

"काय माल आहे पाहा बाई! इतका जुना संच मूळ रूपात मिळतो कुठे? ह्याच भागातल्या एका गृहस्थानं आणून दिला. आधी कुणीतरी ह्यांची पार वाट लावून ठेवली होती हो. फडकी काय, कोंबड्या काय! त्या बिचाऱ्यानं एकेक करून खरवडून काढलं सगळं."

"सगळं?" ग्लेनिसनं विचारलं.

"सगळं. नशीब, जुने हात, जुनी डोकी जपून ठेवली होती कुणीतरी."

ग्लेनिसनं शिपाई जागेवर ठेवले, होते तसे, रांगेत. "छान आहेत," म्हणाली. व्हॅनमध्ये बसल्यावर तिनं सीटबेल्ट लावला आणि समोर बघत राहिली.

"तुला माहीत होतं, बर्नी?"

"नाही गं. शपथ."

"तुला नसेलच सांगितलं. तू मला सांगितलं असतंस." मग ती म्हणाली, "नेव्हिलकडे घे."

मी म्हटलं, आज नको, शांत हो आधी. ती म्हणाली, "मी शांतच आहे. तू गाडी चालव."

दार मार्जरीनं उघडलं. "अगं, ये ये! अंगठा कसा आहे?" असं म्हणता म्हणता तिनं ग्लेनिसचा चेहरा पाहिला आणि वाक्य अर्धवट सोडून ती बाजूला झाली. नेव्हिल बैठकीत क्रिकेट बघत होता. आम्हाला पाहून त्यानं आवाज बंद केला.

"मॅन्सफील्डला गेलो होतो," ग्लेनिस म्हणाली.

नेव्हिलनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "मी तुला सांगणारच होतो, ग्लेनिस."

"कधी?"

"तुझा हात बरा झाला की."

"कशासाठी केलंस? पैसे हवे होते?"

"पैसे नाही गं!" तो दुखावल्यासारखा म्हणाला. मग हळूहळू बाहेर आलं. जुने शिपाई जमवणाऱ्यांचा कंप्युटरवर एक गट होता. नेव्हिलनं मोठ्या अभिमानानं फौजेचे फोटो तिथं टाकले, आणि लोक त्याच्यावर तुटून पडले. इतका दुर्मिळ माल, आणि त्याची ही दशा! कुणी केला हा कसाईपणा? कुणी म्हणालं, असल्या माणसाच्या हातात काही देऊच नये. नेव्हिल कित्येक दिवस ते वाचत बसायचा. आपण आयुष्यभर काहीतरी खुळ्यासारखं करत आलो, असं त्याला वाटायला लागलं. म्हणून त्यानं शिपाई मूळ रूपात आणले आणि त्यातले बरेचसे त्या दुकानदाराला दिले, जाणकारांच्या हाती पडावेत म्हणून.

"मोठी मोठी माणसं आहेत त्यात," तो म्हणाला. "पुस्तकं लिहिलेली. त्यांना कळतं."

"आणि तू त्यांना काय सांगितलंस? कुणी केलं म्हणून?"

नेव्हिलनं टीव्हीचा रिमोट उलटा करून ठेवला.

"काय सांगितलंस, नेव्हिल?"

"म्हटलं... असेच मिळाले मला. आधीच्या मालकानं केलेलं असेल."

मला वाटलं आता ती ओरडेल. पण ती खुर्चीच्या कडेवर बसली.

"मला विचारलं असतंस तर मीच काढून दिले असते," ती म्हणाली. "ऊब दिली की सुटतात. अख्खे सुटतात. मी तसेच बसवले होते, तुझ्यासाठी. तू कशानं काढलेस?"

"पक्कडीनं," नेव्हिल पुटपुटला. "डेस्मंड आणि बाकीचे मदतीला होते. दोन-तीन बुधवार लागले. शिपाई शेवटी माझेच होते ना, ग्लेनिस."

म्हणजे सगळ्या क्लबानं, एका टेबलाभोवती बसून, चहा पीत. ज्यांचे चेहरे होते त्यांनीच.

तेवढ्यात तिची नजर घड्याळाशेजारी गेली. तिथं शेकोटीच्या वरच्या फळीवर एकच शिपाई उभा होता, रंगवलेला, अख्खा. एक खांदा खाली पडलेला, टोपी मागे सरकवलेली, हातात भाला टेकायच्या काठीसारखा धरलेला. मी ओळखला. नेव्हिलचे वडील खाणीत होते आणि छत कोसळून त्यांचा खांदा कायमचा उतरला होता. ते गेले त्या वर्षी ग्लेनिसनं तो घडवून दिला होता, आणि तेव्हा नेव्हिल भर क्लबात रडला होता.

"हा नाही काढलास?" तिनं विचारलं.

"तो कसा काढीन?" नेव्हिल म्हणाला. "ते बाबा आहेत."

ग्लेनिस उठली. "म्हणजे काय मोडतोयस ते तुला कळत होतं," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, तुला कळलं नसेल. वाटेत मी बर्नीला तेच सांगणार होते."

मार्जरी दारात उभी राहून रडत होती. ती गॅरेजमध्ये गेली आणि आइस्क्रीमचा एक डबा घेऊन आली. आत पुट्टीचे हात, फडकी, डोकी, सगळ्याचा चुरा. "मी फेकू दिलं नाही त्याला," ती म्हणाली. ग्लेनिसनं तिच्या दंडावर हात ठेवला, पण डबा घेतला नाही.

पुढच्या बुधवारी ती क्लबात आली ती स्वतःचा दिवा आणि भिंग न्यायला. कुणी वर बघेना. शेवटी डेस्मंडच म्हणाला, "अगं, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? खेळ आहे शेवटी. तुझा हात बरा झाला की नवे करू."

"तुझं डोकं पक्कडीनं उपटलं तेव्हा तू कुठं बसला होतास, डेस्मंड?" तिनं विचारलं. आवाज अगदी साधा. डेस्मंडनं उगाच हसायचा प्रयत्न केला. कुणीच हसलं नाही. मी दिवा उचलला आणि तिच्या मागून बाहेर पडलो.

मी क्लब सोडला नाही, हेही सांगून टाकतो. दुसरीकडे जायला मला जागा नाही. पण आता तिथं बोलणं कमी आणि मापं जास्त. नेव्हिल उरलेले शिपाई जपून आणतो, कुणाला हात लावू देत नाही. त्या गटात त्याचं कौतुक होतं म्हणे. त्यानं ग्लेनिसला फोन केले, नाताळला कार्ड पाठवलं, एकदा तिच्या दारात केकही ठेवला. केक तिनं शेजारणीला दिला. मार्जरी मात्र तिच्याकडे जाते, नेव्हिलला बरोबर न घेता.

हल्ली दर महिन्याच्या एका शनिवारी आमच्या वाचनालयात लोकांच्या मोडक्या वस्तू फुकट दुरुस्त करून देतात. ग्लेनिस तिथं बसते. अंगठा पूर्वीसारखा वळत नाही, पण कपाचा कान, बाहुलीचा पाय, चष्म्याची काडी असलं काम तिला जमतं. मी विजेच्या वस्तू बघतो. गेल्या शरद ऋतूत एका शनिवारी नेव्हिल रांगेत दिसला, हातात मार्जरीच्या आईची चिनी मातीची चहाची किटली, तोटी तुटलेली. मार्जरीनंच पाठवलं, म्हणाला. खरं-खोटं तोच जाणे. त्याची पाळी आली. ग्लेनिसनं किटली घेतली, तोटी जागेवर लावून पाहिली आणि चिठ्ठीचा कागद पुढे ओढला.

"नाव?"

"ग्लेनिस," तो म्हणाला, "असं काय करतेस?"

"नाव सांगा तुमचं."

एवढ्या वर्षांत मी त्या दोघांमध्ये 'तुम्ही' ऐकलं नव्हतं. नेव्हिलचे कान लाल झाले. मागे उभी असलेली बाई दुरुस्तीला आणलेलं आपलं घड्याळ न्याहाळायला लागली.

"क्रॅग," तो म्हणाला.

तिनं ते लिहून घेतलं. तोटी इतकी सुबक बसवली, की सांधा शोधूनही सापडू नये. चोवीस तास पाणी घालू नका म्हणून सांगितलं. तो किटली छातीशी धरून थोडा वेळ उभा राहिला. तिनं त्याच्या खांद्यावरून पुढच्या बाईला हात केला, आणि बाई घड्याळ घेऊन पुढे आली.