लिव्हरला चिकटणारी गोळी

वसमतला हळद पॉलिश करायच्या ड्रमवर चाँद पाशानं निम्मी हयात घालवली. गडी दणकट, पण नाक भारी नाजूक. ड्रम फिरायला लागला की धूळ उठायची आणि हा शिंकून शिंकून बेजार. मेडिकलवाल्या ओमप्रकाशनं अॅलर्जीची गोळी दिली, तेव्हा कुठं तो कामावर टिकला. हंगामात रोज एक गोळी ठरलेली. बायको मलिका म्हणायची, "जेवन इसरंल, पन गोळी न्हाई."

दोन हजार तीन साली ओमप्रकाशनंच दुकानात बसल्या बसल्या पेपर वाचून दाखवला, की असल्या गोळ्या लिव्हरच्या पेशींच्या आवरणाला जाऊन चिकटतात. झालं! ओमप्रकाश पेपर घडी घालून विसरला. चाँद पाशा कुठला विसरतोय? इतक्या वर्षांच्या गोळ्या लिव्हरवर थर धरून बसल्यात, असं त्यानं पक्कं धरलं. तळवे पिवळे, नखं पिवळी. अहो, हळदीतल्या माणसाचे तळवे पिवळे नसणार तर काय निळे असणार? पण भ्यालेल्या माणसाला हे सांगावं कुणी.

तो तांड्यावर भिकाबाईकडं गेला. ती कावीळ उतरवायची. तिनं त्याच्या हातांना चुना चोळला, वरून पाणी ओतलं. एरवी परातीत पिवळं पाणी उतरायचं, ह्याचं उतरलं लालभडक. म्हातारी चपापली. "पाशाभाई, असं म्या कदी पाह्यलं न्हाई. तुमी दवाखान्यात जा." ह्यानं अर्थ लावला एकच: लिव्हरातून रक्त उतरून राहिलंय, आपण काही जगत नाही.

लेक मुन्नी दहावीत होती. हट्टा गावच्या मेहुण्यानं तिच्यासाठी स्थळ आणलं होतं, ते पाशानं आजवर थोपवून धरलेलं. आता त्यानं निरोप धाडला: जुम्याला बोलणी करू, माझ्या डोळ्यादेखत पोरीचं होऊन जाऊ द्या. मुन्नीनं दप्तर खुंटीला अडकवलं आणि चुलीपुढं जाऊन बसली. मलिका मात्र भडकली. "आधी दवाखान्यात चला. मरायचंच असंल तर डॉक्टरीणबाईला इचारून मरा."

डॉक्टरीणबाईंनी पापण्या ओढून डोळे पाहिले, रक्त तपासायला दिलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. लिव्हर ठणठणीत.

"पन गोळी चिकटती म्हनं?"

"चिकटते ना. पेशीचं आवरण तेलकट असतं, त्याला गोळीतलं औषध धरून बसतं. पण थोडाच वेळ. मग पेशी त्याला आत घेते, मोडतोड करते आणि शरीर ते लघवीवाटे बाहेर टाकतं. थर बिर काही साचत नाही."

"आन् ते लाल पानी?"

"हळदीत चुना पडल्यावर काय होतं, पाशाभाई? कुंकू कशाचं करतात?"

चाँद पाशानं कपाळावर हात मारून घेतला. जन्म हळदीत गेला आणि हातावरची हळद चुन्यानं लाल होते, एवढं सुचू नये! दवाखान्याच्या पायरीवर बसून तो पोटभर हसला, आणि हसता हसता डोळे पुसायला लागला. मलिकाला घरी धाडून तो तसाच हट्ट्याच्या एस्टीत चढला. मेहुण्याला तोंडावर सांगितलं, "बोलनी रद्द. पोरगी शिकून राहिली." मेहुणा फुगला. फुगू दे.

सांजेला घरी आला, तर मुन्नी भाकरी थापत होती.

"ऊठ गं, अभ्यासाला बस. हट्ट्याला न्हाई म्हनून आलो."

मुन्नी जागची हलली नाही. "अम्मीनं सांगितलं, पन तुमच्या तोंडून सांगा, अब्बा. तुमाला काय झालं न्हाई ना?"

"न्हाई, लेकरा. कायबी झालं न्हाई."

मग कुठं पोरगी पिठाच्या हातांनी तोंड झाकून रडली.