एका मागावर दोन कापडं

माझे वडील चाळीस वर्षं सोलापुरातल्या एका चादरीच्या कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे माग अडला की ज्याच्या नावानं हाका सुरू होतात तो माणूस. आम्ही घरात तेलुगू बोलतो आणि वडिलांना नायना म्हणतो. पण मागाबद्दल काही सांगायचं असलं की नायना आपोआप मराठीत शिरतात, कारण ते काम ते मराठीतच शिकले. आई त्याला ‘ह्यांची कारखान्याची भाषा’ म्हणते. त्या भाषेत काही सुरू झालं की ती उठून स्वयंपाकघरात जाते. माझ्या जन्मापासून हे असंच चालू आहे.

गेल्या उन्हाळ्यात कारखान्याच्या मालकांचा फोन आला. जुने मालक गेले, आता त्यांचा मुलगा बघतो. चादरीचे माग एकेक करून निघाले, सगळीकडे टॉवेल आले, आणि जकार्डचा, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांवरून नक्षी विणणारा, शेवटचा एक माग कोपऱ्यात उरला होता. तोही महिनाअखेर भंगारात जाणार होता. मुलगा भला आहे, नायनांना मामा म्हणतो. म्हणाला, “मामा, काढायच्या आधी त्याच्यावर एक चादर विणू. नक्षी तुमच्या पसंतीची. फक्त कार्डं पंच करायला दिवस लागतात, तेवढा ग्राफ सोमवारपर्यंत द्या.”

नायनांनी फोन ठेवला, आई आसपास नाही हे बघून घेतलं आणि मला हळूच विचारलं, “ती हाय का गं अजून? पानाची?”

“बघते,” एवढंच मी म्हटलं.

पानाची नक्षी नायनांनी वीसेक वर्षांपूर्वी काढली होती. आई तेव्हा घरी विड्या वळायची. मांडीवर सूप, हातात कात्री, शेजारी भिजवलेल्या तेंदूच्या पानांचा ढीग. पानातून ती विडीपुरता चौकोनी तुकडा कापायची आणि चौकोनी भोक पडलेलं उरलेलं पान बाजूला टाकायची. नायनांनी त्याचीच नक्षी केली. सोलापुरी चादर उलटली की रंगांची अदलाबदल होते, हे सगळ्यांना माहीत आहे. नायनांनी त्याचा असा काही उपयोग केला होता की एका बाजूला कापून उरलेलं पान हिरवं दिसावं आणि दुसऱ्या बाजूला कापलेला तुकडा हिरवा. एकीकडे आईनं टाकलेलं, दुसरीकडे आईनं ठेवलेलं.

मी तेव्हा नुकतीच कॉम्प्युटरवर नक्षी भरायला शिकले होते; पुढं घरबसल्या तेच माझं काम झालं. त्यांच्या ग्राफचा एकेक चौकोन मीच भरला. जुन्या मालकांनी प्रिंट बघितली आणि हसून म्हणाले, “बिडीचं पान अंगावर घेऊन कोण झोपणार हो?” शिवाय कार्डं फार लागत होती. विषय तिथंच संपला. नायनांनी मला बजावलं होतं, “आईला बोलू नको. विणून झाली की दावू.” ती विणलीच गेली नाही, त्यामुळे मी वीस वर्षं गप्प राहिले. दरम्यान कागदाचा ग्राफ वाळवीनं खाल्ला आणि नक्षी फक्त माझ्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये उरली.

आणि तो कॉम्प्युटर मी मारला होता.

निदान माझी तशी खात्री होती. त्याची तारीख सारखी मागं जायची म्हणून मी एकदा सुरू होतानाच्या त्या निळ्या पडद्यात, बायोसमध्ये शिरले, तारीख बदलली आणि बाहेर आले. दुसऱ्या दिवशी तो सुरूच झाला नाही. सात रस्त्याला एक दुरुस्तीवाले आहेत, आमच्या गल्लीतल्या सगळ्यांची मशिनं त्यांच्याकडेच जातात. ते म्हणाले, “ताई, बोर्डच फुगला होता ओ. तारीख बदलून कोण मरतंय का?” मला ते काही पटलं नाही. त्यांनी जुनी डिस्क अख्खी उचलून नव्या कॉम्प्युटरमध्ये एका फाइलीत ठेवून दिली आणि सांगितलं, “जुना कॉम्प्युटर नव्याच्या पोटात घातलाय. लागला तर आतल्या आत चालू करा.” मी मान डोलावली आणि वर्षभर तिकडे फिरकले नाही. नव्या प्रोग्रामला जुन्या फाइली उघडता येत नव्हत्या, पण टॉवेलला कोण जुनी नक्षी मागतंय?

आता मागणारे माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले होते. रविवारची सकाळ, आई पलीकडे शेंगा भाजत होती. मी नव्याच्या पोटातला जुना कॉम्प्युटर सुरू केला आणि पडद्यावर इंग्रजीत एक चौकट आली. व्हर्च्युअलायझेशन बंद आहे, बायोसमधून चालू करा. बायोस हा शब्द वाचल्याबरोबर मी कीबोर्डवरून हात काढून घेतला.

दुरुस्तीवाल्यांना फोन लावला. ते माळशिरसला, एका कॉलेजात मशिनं बसवायला गेले होते, मंगळवारी येणार होते.

“ते बंदच येतं ओ ताई,” ते म्हणाले. “प्रोसेसरमध्ये सोय हाय, पण बोर्डवाले ती बंद करून देतात. चालू केली की झालं.”

“तुम्ही येऊन करा. मी त्यात हात घालणार नाही.”

“डरो नक्को ताई, काही होत नाही. डिलीट दाबत दाबत सुरू करा. आत एसव्हीएम म्हणून दिसेल, ते एनेबल करा. अडलं तर मी हाय की फोनवर.”

फोन ठेवल्यावर नायनांनी विचारलं, काय भानगड आहे. मी वैतागून सांगायला लागले. एकाच कॉम्प्युटरमध्ये दुसरा चालवायचा, म्हणजे खरा नाही, म्हणजे खराच, पण त्याला वाटतं सगळं मशीन त्याचंच आहे. पहिल्याचं याला कळत नाही. प्रोसेसर मात्र एकच. तो एकाच वेळी दोघांचं काम करतो आणि एकाचं दुसऱ्यात मिसळू देत नाही, त्यासाठी आत एक खास सोय असते, तीच बंद आहे. बोलता बोलता माझं मलाच पटेना. तुम्हाला नाही कळायचं, असंही म्हणून मोकळी झाले. आता आठवलं की लाज वाटते.

नायनांनी खुर्ची पडद्याजवळ सरकवली. मग म्हणाले, “म्हंजे चादर की गं.”

“कसली चादर?”

“आपली चादर दोन कापडं असत्यात. वरचं वेगळं, खालचं वेगळं, पण माग एकच. एका टायमाला दोन्ही विणतोय. वरचा धागा खालच्यात नुसता घुसला तर राडा होतोय. कुटं वर ऱ्हायचं आन कुटं खाली जायचं, ते जकार्ड सांगतंय. जकार्ड काढून ठिव, मग त्या मागावर एकच साधं कापड निघंल.” त्यांनी पडद्यावरच्या चौकटीवर बोट ठेवलं. “ह्यानं जकार्ड बंद ठिवलंय.”

मालकांचा फोन आल्यापासून तीन दिवस मी इंटरनेटवर हे वाचत होते आणि मला जे उमगलं नव्हतं, ते उभ्या आयुष्यात कॉम्प्युटरचं एक बटण न दाबलेल्या माणसानं एका दमात सांगून टाकलं. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू? नखाएवढ्या तुकड्यात कोणीतरी ही सोय करून ठेवली होती आणि ती माझ्या टेबलाखाली, माझ्या पायाशी, वर्षभर गपचूप पडून होती. मी तिच्यावर टॉवेलच्या पट्ट्या काढत बसले होते.

“कर चालू,” नायना म्हणाले. “यंत्राला खटका ठिवलाय म्हंजे कुणीतरी दाबावा म्हणूनच ठिवलाय की.”

मी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला आणि डिलीट दाबत सुटले. या वेळी पडदा निळा नव्हता, काळा होता, आणि त्यावर आकडे हलत होते. प्रोसेसरची उष्णता, पंख्याचे फेरे, आत येणारी वीज, सगळं क्षणाक्षणाला कमीजास्त होत होतं. रोज आठ आठ तास ज्याच्यासमोर बसते, त्याची नाडी मी पहिल्यांदाच बघत होते. नायनांनी चष्मा पुसला आणि विचारलं, “हे आत्ताचं हाय?” मी म्हटलं, “आत्ताचं.” आम्ही दोघं उगीच मिनिटभर पंख्याचे फेरे बघत बसलो.

मग शोधाशोध केली. ॲडव्हान्स्ड, त्यात प्रोसेसरचं पान, त्यात तळाशी एसव्हीएम मोड, आणि त्याच्यासमोर एकच शब्द, डिसेबल्ड. एंटर मारलं, एनेबल्ड केलं. झालं! मी ऐटीत बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला, पुन्हा सुरू केला, आणि तीच चौकट परत आली. बायोसमध्ये जाऊन बघते तर पुन्हा डिसेबल्ड.

फोनवर दुरुस्तीवाले हसले. “सेव्ह केलं का ताई? एफ टेन दाबायचं, येस म्हणायचं, मग बाहेर.”

नायनांना हे अजिबात आवडलं नाही. मागावर गाठ मारली की मारली. माग थांबवला म्हणून गाठ सुटत नाही. “गाठ मारून वर आणि ह्या मशीनला विचारायचं, ठिवू का म्हणून?” ते म्हणाले. खरं सांगायचं तर माझ्याही डोक्यात तसंच होतं, विणकराचीच ना मी.

पुन्हा एनेबल्ड केलं. एफ टेन दाबलं, येस म्हटलं. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला.

जुन्याच्या वेळी असंच झालं होतं. मी मनात मोजत होते, सात, आठ, नऊ. आता हाही गेला, नक्षीही गेली, आणि नायनांना काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात होतं. नायना शांत होते. “मागाला बी चालू व्हायला टाइम लागतोय,” म्हणाले. त्यांचा हात मात्र माझ्या खुर्चीच्या पाठीवर घट्ट होता. मग पंख्याचा आवाज बदलला आणि पडदा उजळला.

जुना कॉम्प्युटर सुरू केला. नव्याच्या पडद्यावर एक खिडकी उघडली आणि खिडकीत तो अवतरला. तेच जुने ठोकळेबाज रंग, तीच घुटमळत पुढं सरकणारी पट्टी. आणि मग त्याची ती सुरू होतानाची धून वाजली. वर्षभर मेलेला होता तो, आणि आपण मेलो होतो याचा त्याला पत्ताच नव्हता.

ती धून ऐकून आई बाहेर आली. पूर्वी ती वाजली की मी कामाला बसले असं समजून आई चहा टाकायची. “तो गेला होता ना?” तिनं दारातूनच विचारलं, हातात उलथनं तसंच. तोवर मी फाइल उघडली होती. जुना प्रोग्राम नक्षी एकदम दाखवत नाही, वरून खाली ओळीओळीनं काढतो. नायना कुजबुजले, “बंद कर, बंद कर. विणून झाल्यावर!” पण आता बंद करून काय उपयोग होता? आई माझ्या मागं येऊन उभी राहिली आणि पानं एकेक करून उतरत गेली.

तिनं उलथनं टेबलावर ठेवलं. मग पुढं वाकली आणि एका पानातल्या चौकोनी भोकाच्या कोपऱ्यावर तिनं बोट ठेवलं. तिथं एक बारीक खाच होती. शेजारच्या चौकोनालाही होती. सगळ्यांनाच होती. ते चौकोन मीच भरले होते, पण ग्राफात आहे तसं भरलं, खाच कशाला हे कधी विचारलंच नव्हतं.

“ही माझी कात्री,” आई म्हणाली. “टोक मोडलेली. प्रत्येक आकु अशीच कापली जायची.” आकु म्हणजे पान. मग ती नायनांकडे वळली. “तुम्हाला कसं माहीत?”

नायना जमिनीकडे बघत होते. कारखान्याच्या नक्षीबद्दल पहिल्यांदाच ते तेलुगूत बोलले. म्हणाले, “रोज बघत होतो.”

सोमवारी ग्राफ गेला. महिना संपायच्या दोन दिवस आधी चादर आली आणि त्यानंतर तो माग गेला. आईनं चादर पलंगावर पसरली, उलटली, पुन्हा उलटली. एका बाजूला पान हिरवं, दुसऱ्या बाजूला तुकडा हिरवा. “सुलट बाजू कुठली?” तिनं विचारलं.

“दोन्ही,” नायना म्हणाले, आणि सांगायला लागले. दोन कापडं कशी एका मागावर चालतात, धागा वर कधी येतो, खाली कधी जातो. सगळं तेलुगूत सांगत होते. त्या कामाचे तेलुगू शब्द त्यांच्याकडे नव्हतेच, त्यामुळे ते अडखळत होते, हातानं दाखवत होते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते. स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा वास आला. गॅस बंद करायला मी गेले, आई उठली नाही.