एनिडचे दोन फॉर्म

गेनर ऑर्मरॉड आणि मी नऊ वर्षं एकाच गाडीतून फिरतो. गाडी तिची, पेट्रोल अर्धं माझं. म्हातारी माणसं अंथरुणातून उठवायची, धुवायची, कपडे घालून खुर्चीत बसवायची, हे आमचं काम. एकटीला उचलता येणार नाही अशा माणसाकडे एजन्सी दोघींना पाठवते, बाकीच्या फेऱ्या आपापल्या. माझं नाव सुलभा. इंग्लंडातल्या या पॅडिहममध्ये सगळे सू म्हणतात आणि एकतीस वर्षांत मी त्यावर भांडणं सोडून दिलंय. एरवी मी भांडते.

गेनर पन्नाशीची आहे. आजारी माणसाला हात कसा लावावा हे तिच्याकडून शिकावं. माझ्या हाताखाली कुरकुरणारी म्हातारी तिच्या हाताखाली गप्प होते. पण गाडी कुठे लावली ते तिला आठवत नाही. चहा केला तर तो ओट्यावर गार होतो आणि ती दुसरा करायला घेते. कुणाचा वाढदिवस असला की एक दिवस आधी केक आणते, नाहीतर चार दिवसांनी. मी तिला नऊ वर्षं घालूनपाडून बोलत आले. ती हसायची आणि म्हणायची, "बोल बाई, बोल. तू नाही बोललीस तर मला वार कसा कळणार?"

मग फेब्रुवारीत ते घडलं. दुपारी साडेबाराला तिला मिस्टर थॉर्नबरना जेवण द्यायला जायचं होतं. त्यांना मधुमेह. सकाळी नर्स सुई देऊन जाते, त्यावर वेळेवर पोटात काही गेलं पाहिजे. गेनर निघाली वेळेवर. वाटेत तिला पट्टा लोंबवत पळणारा एक कुत्रा दिसला. तिने गाडी थांबवून तो पकडला, गळ्यातला पत्ता वाचून तीन गल्ल्या पलीकडे पोचवला. मालकिणीने चहा पाजला. चहा पिऊन गेनर थेट दोन वाजताच्या घरी माझ्यासोबत कामाला आली आणि मला कुत्र्याची गोष्ट सांगत बसली. मीही ऐकली. साडेबाराचं काय झालं, हे माझ्याही डोक्यात आलं नाही.

संध्याकाळच्या बाईला मिस्टर थॉर्नबर घामाने ओले, भलतंच बोलताना सापडले. अँब्युलन्स आली, ते वाचले. हॉस्पिटलमधून त्यांनी निरोप पाठवला, "पोरीला रागावू नका. मला तशी फार भूक नव्हतीच." इथली माणसं मरताना यमालाही म्हणतील, काही घाई नाही हो, आधी तुमचं आटपा.

एजन्सीने गेनरला शेवटची ताकीद दिली, लेखी. मॅनेजर बाई वाईट नाही. ती म्हणाली, "हे बघ, तुला काही दुखणं असेल आणि डॉक्टरचा कागद असेल, तर आम्हाला तुझं वेळापत्रक बदलून द्यावं लागतं. प्रत्येक फेरीआधी ऑफिसातून फोन करावा लागतो. तसा कायदाच आहे. कागद नसेल तर माझे हात बांधलेले आहेत. नोव्हेंबरमध्ये पुन्हा बसू."

दुखणं काय असेल, हे गेनरला ठाऊक होतं. आदल्या वर्षी तिच्या नातीला एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा विकार, निघाला होता. नातीचा फॉर्म भरायला ती मदत करत होती आणि अर्ध्यातच उठून गेली होती, कारण त्यातली प्रत्येक ओळ तिचीच होती. ती सरकारी डॉक्टरकडे गेली. तो म्हणाला, यादीत नाव घालतो, मोठ्या माणसांची यादी साधारण पाच वर्षांची आहे.

"पाच वर्षांनी बोलावलं तर कशासाठी आलेय तेच विसरलेली असेन," गेनर म्हणाली.

मग तिने खाजगी डॉक्टरीण शोधली. स्पेनच्या सुट्टीसाठी वर्षभर साठवलेले पैसे त्यात गेले.

तपासणी व्हिडिओवर होती. गेनरच्या घरी दोन कुत्री आणि एक रिटायर नवरा, म्हणून ती माझ्या मागच्या खोलीत बसली. "दार लाव, पण जाऊ नकोस," असं मला म्हणाली. मी जिन्यात बसले. दाराची फळी पातळ आहे, त्याला मी काय करणार?

डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "कशा आहात?"

"बरी आहे हो. तुम्ही कशा आहात? पाऊस आहे का तुमच्याकडे?"

मी जिन्यात कपाळाला हात लावला. पुढे सव्वा तास तेच. वस्तू हरवतात का? "हरवतात, पण कुणाच्या हरवत नाहीत?" कामावर परिणाम होतो का? "थोडा. सांभाळून घेतात सगळे." मिस्टर थॉर्नबरांचं नाव ती सव्वा तासाने, जाता जाता घेतल्यासारखं बोलली. त्या बाई मुरलेल्या होत्या. त्यांनी तिथेच थांबून अर्धा तास तेवढंच विचारलं. गेनरने सगळं सांगितलं. आवाज सपाट होता, जणू शेजारणीबद्दल सांगतेय.

शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजचं चित्र मला स्पष्ट दिसतंय. पण हा त्रास लहानपणापासून असावा लागतो. नाहीतर मी कागदावर सही करू शकत नाही. आणि तुमच्या आईंचा फॉर्म काही वेगळंच सांगतो."

आईचा फॉर्म म्हणजे लहानपणी तुम्हाला पाहिलेल्या माणसाने भरायचा कागद. गेनरची आई, तिची 'मम', एनिड एकोणऐंशीची आहे, एकटी राहते, खिडक्या स्वतः पुसते. घर साफ करायला बाई येणार असली की ती यायच्या आधी घर साफ करते. तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चांगलं पेन काढून, गेनरसमोर तो फॉर्म भरला होता. मूल सतत हलत असे का? कधीच नाही. वस्तू हरवत असे का? कधीच नाही. सव्वीस प्रश्न, सव्वीस वेळा कधीच नाही. खाली मोकळ्या जागेत सुबक अक्षरात: "गेनरचा कधीच काही त्रास नव्हता. गुणी मुलगी." शाळेची प्रगतिपुस्तकं घर बदलताना गेली होती.

"तू वाचलंस ना ते? मग काही बोलली का नाहीस?" मी गेनरला विचारलं.

"किती छान लिहिलं होतं गं तिने," ती म्हणाली. "मला काही बोलवेना."

डॉक्टरीणबाईंनी तोडगा काढला. दुसरा फॉर्म थेट एनिडकडे पाठवू, तिने तो थेट आम्हाला पाठवावा. मधे मुलगी नको.

माझ्याच्याने राहवलं नाही. बुधवारी फॉर्म पोचला असेल असा अंदाज धरून मी एनिडकडे गेले. पाकीट घड्याळामागे ठेवलेलं दिसत होतं, न उघडलेलं.

"एनिड, पहिला फॉर्म तुम्ही खोटा भरलात," मी बसायच्या आधीच म्हणाले.

"साखर एक की दोन?"

"तिची नोकरी जाईल. कळतंय का तुम्हाला? पन्नासाव्या वर्षी तिला दुसरं कोण ठेवणार?"

एनिडने साखर ढवळली. "सू, पोरी, तू चांगली आहेस, पण तुझ्या तोंडाला दार नाही. आपल्या लेकराचं वाईट मी परक्याला लिहून द्यायचं? बोललेलं वाऱ्यावर जातं. कागद मागे राहतो."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, हे मला कळत नव्हतं असं नाही. माझ्या सासूबद्दल इथे कुणी विचारलं तर मीही देवमाणूस होती असंच सांगते. पण मला राग आला होता.

"कागदच हवाय त्यांना. खरा."

तिने घड्याळामागचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. मग हळूच विचारलं, "गेनर वाचेल ना तो?"

"नाही वाचणार. तुम्ही लिहायचं, पाकीट बंद करायचं, पेटीत टाकायचं. डॉक्टरशिवाय कुणी बघत नाही."

"नक्की?"

"नक्की. माझा शब्द."

मला काडीचंही माहीत नव्हतं. मला ती लिहायला हवी होती, म्हणून शब्द दिला. एनिडने मान हलवली आणि मला बिस्किटांचा डबा पुढे केला.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला, अकरा पानी. गेनरने तो गाडीत उघडला. दोन घरांच्या मधे आम्हाला वीस मिनिटं होती, चर्चमागच्या मोकळ्या जागेत गाडी लावून आम्ही सँडविच खात होतो. पहिल्याच पानावर होतं, एडीएचडी, लहानपणापासून.

"मिळालं," ती म्हणाली. मी तिच्या मांडीवर थाप मारली. मला खरंच आनंद झाला होता.

ती पुढे वाचत गेली. सातव्या पानावर थांबली. मग मोठ्याने वाचायला लागली, एजन्सीच्या सूचना वाचते त्या आवाजात.

"आईने दिलेली माहिती, त्यांच्याच शब्दांत. 'ती शाळेतून यायची वेळ झाली की मला नको वाटायचं. एकदा, ती सात वर्षांची असताना, मी आतून कडी लावून जिन्याखाली बसून राहिले. ती पाऊण तास दार वाजवत होती. पाऊस होता. मग तिला सांगितलं की मी दुकानात गेले होते. ती झोपली की मला बरं वाटायचं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तिच्या बापालाही नाही.' त्यावरून बालपणीच्या त्रासाची तीव्रता निर्विवाद दिसते."

तिने पान उलटलं. आठव्यावर गोळ्यांबद्दल होतं. तेही वाचलं.

"मला आठवतंय ते दार," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, मीच वार विसरले. गुरुवारी मम दुकानात जाते हे मला लक्षात ठेवायला हवं होतं. त्यानंतर मी हातावर पेनाने वार लिहून शाळेत जायचे."

तिने उरलेलं सँडविच खाल्लं. माझं माझ्या हातात तसंच राहिलं. मला माझी लाज वाटत होती आणि एनिडशी काय बोलले ते सांगायचं मला सुचत होतं, पण मी सँडविच पुन्हा कागदात गुंडाळलं.

नोव्हेंबरची मीटिंग दहा मिनिटांत संपली. मॅनेजरने कागद बघितला, वेळापत्रक बदललं, फोनची सोय केली. "आधी का नाही सांगितलंस?" असंही म्हणाली. गोळ्या सुरू झाल्या. खाजगी डॉक्टरच्या गोळ्या आम्ही लिहून देत नाही, असं सरकारी डॉक्टरने कळवलं, म्हणून त्या दर महिन्याला विकतच घ्याव्या लागतात. दर आठवड्याला ती रक्तदाब मोजते. जेवण कमी झालंय. सहा आठवड्यांत तिने एकही फेरी चुकवली नाही, आणि चहा केला की पिते. मी तिला बोलायचं बंद केलंय. बोलायला काही उरलंच नाही. खरं सांगायचं तर मला ती जुनी बरी वाटायची, पण हे तिला कसं सांगणार?

गेल्या शुक्रवारी दोन फेऱ्यांच्या मधे ती म्हणाली, "ममकडे दहा मिनिटं डोकावू. औषधं आणलीत तिची."

मी गाडीतच बसते म्हणाले. तिने ऐकलं नाही.

एनिडने चहा टाकला. माझ्याकडे एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली. इकडचं तिकडचं झालं, शेजारणीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मग किटलीवर टोपी घालताना, आमच्याकडे पाठ ठेवून तिने विचारलं, "त्या डॉक्टरांनी तुला माझा कागद दाखवला का गं?"

मी समोरचं बिस्किट चहात बुडवलं.

"नाही," गेनर म्हणाली. "ते दाखवत नाहीत. गुप्त असतं."

"हं." एनिड वळली. चेहरा एकदम सैल झाला होता. "चांगलंच लिहिलं मी. कधी त्रास नव्हता तुझा."

"माहीत आहे, मम."

"गुणी होतीस."

"माहीत आहे. चहा मस्त झालाय."

एनिडने मला आणखी एक बिस्किट दिलं. मी खाल्लं.

गाडीत बसल्यावर मी गेनरला सगळं सांगितलं. मीच तिच्याकडे गेले होते, मीच शब्द दिला होता की तू वाचणार नाहीस. माफी मागितली. ती आरशात बघून गाडी मागे घेत होती.

"असू दे, सू. तू नसतीस गेली तर कागद नसता मिळाला."

"तू रड तरी एकदा. नाहीतर मला शिव्या दे."

"येत नाही रडू." तिने गाडी मुख्य रस्त्याला घेतली. मग म्हणाली, "आधी कसं होतं, असलं काही वाचलं असतं ना, तर संध्याकाळपर्यंत विसरून गेले असते. आता नाही विसरत."